सतरानं भाग जातो

नेकनूरजवळच्या हायस्कुलात मी गणित शिकवतो. दरवर्षी नववीला एक गंमत दाखवायचो. फळ्यावर ३१, ३३१, ३३३१ असं एकाखाली एक लिहायचं आणि सांगायचं, की या सगळ्या मूळ संख्या. शेवटच्या एकाआधी कितीही तीन लावा, संख्या मूळच राहणार. पोरं थक्क व्हायची. मी स्वतः चार तीनांच्या पुढं कधी तपासलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी आमच्याकडं तासिकेवर एक बाई आल्या. आई-वडील ऊसतोडीला जाणारे. फडावरच्या पाचटाच्या कोपीत अभ्यास करून त्या एमएस्सी झालेल्या. मांजरसुंब्याहून एसटीनं यायच्या. माझे चुलते संस्थेचे संचालक. बाईंना पुढल्या वर्षी तास द्यायचे की नाही, हे आमच्या घरात ठरायचं. ते त्यांना ठाऊक होतं आणि मलाही.

एकदा मधल्या सुट्टीत त्या माझ्याकडं कागद घेऊन आल्या. म्हणाल्या, सात तीनांपर्यंत तुमचं बरोबर आहे, पण आठ तीन लिहिले की मोडतं. तेहतीस कोटी तेहतीस लाख तेहतीस हजार तीनशे एकतीसला सतरानं भाग जातो.

मी कागदाकडं बघितलंही नाही. "बाई, सतराचा पाढा येतो का तुमाला?"

बाकीचे शिक्षक हसले.

"येतो, सर," त्या म्हणाल्या. कागद टेबलावर ठेवून तासाला निघून गेल्या.

शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात मी भागाकार मांडला. दोन, तीन, पाच, सात, अकरा, तेरा, कशानंच भाग जाईना. सतरानं गेला. एक कोटी शहाण्णव लाख सात हजार आठशे त्रेचाळीस, बाकी शून्य. इतकी वर्षं शिकवत होतो आणि सात भागाकार करायचे कष्ट घेतले नव्हते.

पुढच्याच महिन्यात धारूरला शिक्षकांचं प्रशिक्षण होतं. एक तास माझ्याकडं होता. मी तीच मांडणी लिहिली, आठव्या तीनापाशी थांबलो आणि सतरानं भागून दाखवलं. टाळ्या पडल्या. कुणीतरी विचारलं, हे सापडलं कसं? मी म्हणालो, "बसलो होतो एकदा भागत."

बाई तिसऱ्या रांगेत होत्या. टिपणवही जमा करायची असल्यानं मान खाली घालून फळ्यावरचं उतरवून घेत होत्या.

परतताना एकाच जीपमध्ये होतो. त्यांना ऐकू जाईल एवढ्याच आवाजात मी म्हणालो, की तुमचं नाव घ्यायचं राहूनच गेलं.

"राहू द्या, सर," त्या म्हणाल्या. "पुढल्या वर्षीच्या तासांचं तेवढं बघा."

मी चुलत्यांना सांगितलं, तास मिळाले. बाईंनी सगळ्या स्टाफसमोर हात जोडून माझे आभार मानले आणि मी ते घेतले.

यंदा नववीला मी खरं सांगितलं: हे मी शोधलेलं नाही, आठवीला शिकवणाऱ्या बाईंनी शोधलं. पुढच्या बाकावरच्या मुलीनं साधेपणानं विचारलं, "मग सर, तुमी कावून न्हाई बघितलं भागून?"

आळस केला, असं मी म्हणालो. ते अर्धंच खरं होतं. मला विचारणारं कुणी नव्हतं, म्हणून बघितलं नव्हतं.

वर्गात सांगितलं, ते संध्याकाळी बाईंच्याही कानावर गेलं असणार. धारूरच्या शिक्षकांना मात्र मी अजून काही कळवलेलं नाही.