अंजू राठोडचं बोंड

पुसदला सलीलच्या फोटो स्टुडिओत अंजू राठोड अल्बम सजवायची. बारावीनंतर संगणकाचा कोर्स करून तांड्यावरून रोज बसनं येणारी ही पोरगी फोटोशॉपवर असा हात चालवायची, की कॅमेरा तेवढा स्वतःकडे ठेवून सलीलनं बाकी सगळं तिच्यावर सोपवलं होतं. फोटोभोवतीचे गुलाब, हंस, सोनेरी चौकटी मात्र विकतच्या सीडीतून यायच्या, आणि तीच सीडी गावातल्या प्रत्येक स्टुडिओत होती.

दोन हजार सहा साली रत्नप्रभाबाई जुने फोटो घेऊन आल्या. त्यांचे यजमान नरहरराव कापूस खरेदी केंद्रावर मालाची प्रत ठरवणारे ग्रेडर होते, नुकतेच निवृत्त झाले होते; त्यांच्या सत्कार समारंभासाठी बाईंना अल्बम हवा होता. नमुन्याची दोन पानं पाहून बाई म्हणाल्या, "हे हंस आमच्या भाचीच्या अल्बममध्ये आहेत. शेजारच्या बारशातही हेच पोहत होते. ह्यांचा जन्म कापसात गेला, ह्यांच्याभोवती हंस कशाला?"

सलील म्हणाला, "काकू, हल्ली कापूस म्हटलं की लोकांचे चेहरे उतरतात. पेपर उघडला की शेतकऱ्यांच्या आत्महत्या. आनंदाच्या अल्बममध्ये कापूस कोण लावतो?"

"मी लावते," अंजू म्हणाली. "आठ दिवस द्या मले. एकही फूल सीडीतलं नसंल."

सुरुवात तिनं आईच्या कांचळीपासून केली. आरसे, कवड्या, रंगीत टाके अशी ती जड चोळी रुपीबाईनं लग्नात घातली होती. कांचळी एकटी पाठवायची नाही म्हणून रुपीबाई स्वतःच स्टुडिओत येऊन बसली. अंजूनं चोळी स्कॅनरवर पालथी ठेवली. पडद्यावर टाके झकास उमटले, पण आरशांच्या जागी काळी भोकं.

"डोळेच फोडले ना माह्या कांचळीचे!" रुपीबाई ओरडली.

"याडी, चाल गच्चीवर. चादर घे," अंजू आईला म्हणाली.

गच्चीवर सावलीत चोळी अंथरली, वर रुपीबाईनं पांढरी चादर धरली, आणि चादरीचा उजेड घेऊन आरसे चकाकले. त्या फोटोतून अंजूनं एकेक आरसा, एकेक कवडी कडेकडेनं बिंदू टाकत कापून काढली, मागचं कापड पुसलं, खाली हलकी सावली दिली. फोटोच्या कोपऱ्यावर ठेवलं की वाटावं, पानावरच टाका घातलाय.

मग बोंड. भावाच्या शेतातून आणलेलं फुटलेलं बोंड तिनं तसंच कापून पानावर बसवलं. बायकोकडून कळल्यावर नरहरराव स्वतःच पाहायला आले. चष्मा वर करून म्हणाले, "ही तर कापसातली कवडी. किडका माल. अन् कडा कात्रीनं कापल्यासारख्या. कापसाला धागा असतो, पोरी."

अंजूनं त्यांना खुर्ची सरकवून दिली. "मग चांगलं कसं असते, ते दाखवा, काका."

दुसऱ्या दिवशी नरहरराव चार पाकळ्यांचं टपोरं बोंड घेऊन हजर. बोटांत धागा ओढून त्यांनी त्याची लांबी दाखवली. अंजूनं केसाइतका बारीक ब्रश तयार केला आणि कडेचा एकेक धागा हातानं ओढला. त्यात दोन दिवस गेले. नरहररावांनी पाहिलं, नकळत अंगठा आणि बोट पडद्याशी नेलं आणि हसले. "हा माल मी पास केला असता."

अल्बम झाला. समारंभात तो इतक्या हातांतून फिरला, की महिन्याभरात नेर आणि मारेगावच्या स्टुडिओंनी विचारणा केली. सलील म्हणाला, "तुझ्या डिझाइनची सीडी काढू. वर आपल्या स्टुडिओचं नाव."

"स्टुडिओचं राहू द्या, दादा. पण माहं वर. अन् कांचळी रुपीबाईची आहे, तेही लिहा."

सलीलनं थोडे आढेवेढे घेतले. अंजू काम करत राहिली, तिनं मान वर केली नाही. शेवटी त्यानं लिहून दिलं.

त्या सीडीनंतर तिनं आणखी चार काढल्या. पळसाची फुलं, ज्वारीची कणसं, तांड्यावरच्या बायकांचे दागिने. पाच वर्षांनी पुसदच्या बसस्टँडजवळ तिनं स्वतःचं दुकान थाटलं. तांड्यावरच्या दोन मुली तिच्याकडे शिकायला येतात. पहिल्याच दिवशी ती त्यांना सीडीतले हंस पुसायला लावते.