सुट्टीला भिणारे सरकीमामा

सरकीमामा सुट्टीला भ्यायचे. जिंतूरहून चारठाण्याकडे जाताना माळावर कापसाचं एक जिनिंग होतं. जवळ गाव नाही, दवाखाना नाही. बाजाराच्या दिवशी सरकी काढणारे रेचे बंद असत. बाकीचे त्या दिवसाची वाट बघायचे आणि मामा पहारेकऱ्याची मनधरणी करून गोदामात कापूस ओढत बसायचे. "सुट्टी मला बाधती," म्हणायचे. "कामावर असलं की छाती मोकळी."

हे नुसतं खूळ नव्हतं. सुट्टी घेतली की दुसऱ्या दिवशी रेच्यासमोर त्यांची छाती आवळायची, खोकून खोकून डोळ्यांत पाणी यायचं. मग रोज काम केलं की हळूहळू कमी व्हायचं. वीस हंगाम रेच्यात कापूस घालणाऱ्या माणसाने यातून दुसरा कुठला अर्थ काढावा?

त्यांच्या भुवयांवर, मिशांवर कायम रुई. धोतराच्या घडीतून सरकी गळायची, म्हणून सरकीमामा. मामी त्यांना दाराबाहेर झटकून मगच आत घ्यायच्या. मी बोरी गावचा, जिनिंगच्या वजनकाट्यावर हंगामी लिहिणारा. माझ्या पिशवीत विद्यापीठाच्या नामांतराची पत्रकं असत आणि ती चिकटवायला खळ मामींच्या चुलीवर शिजायची. मामांना वाचता येत नव्हतं, पण प्रत्येक पत्रक ते ऐकायचे आणि विचारायचे, "काय पत्रकवाले, आज कुणाला धरलंय?"

जिंतूरच्या एका डॉक्टरने त्यांना तपासलं तेव्हा मी सोबत होतो. त्याने बिडी सोडायला सांगितलं. बाहेर आल्यावर मामा म्हणाले, "मी वढतच न्हाई म्हणलं, तर म्हणला, मंग धरू नको."

मला हसू आलं नाही. संतापाच्या भरात मी पत्रक लिहिलं: आठवड्याची भरपगारी सुट्टी आणि धूळ ओढून घेणारे पंखे. मामांनी पहिला अंगठा दिला की सगळे देणार होते. मामांनी हात मागे घेतला. पंख्याचं ठीक, पण सुट्टी मागून मरण कशाला मागायचं, असं त्यांचं म्हणणं. पुढे बोलणी झाली तेव्हा मालकाचा मुनीम शांतपणे म्हणाला, "तुमचाच जुना माणूस सांगतो, सुट्टीनं आजारी पडतो. मग धुळीचा काय दोष?" सुट्टीबरोबर पंख्यांची मागणीही गेली. त्या दिवशी मी मामांशी बोललो नाही.

आणि उत्तर माझ्याच पिशवीत होतं. गिरणी कामगारांची एक जुनी पुस्तिका मी महिनोन् महिने वागवत होतो. तिच्यातल्या एका पानावर लिहिलं होतं: कापसाच्या धुळीचा दमा सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी सगळ्यात जास्त जाणवतो. रोजच्या धुळीला छाती सरावते. दिवसभर मोकळी राहिली की पहिल्या धुळीलाच आवळते. आतलं नुकसान मात्र रोज चालू असतं. त्या पानावर घोषणा नव्हती, म्हणून मी ते उलटून गेलो होतो.

ते पान मी मामांना वाचून दाखवलं. तेव्हा हंगाम संपून दोन महिने झाले होते, तरी खोकला गेला नव्हता. भिंतीला टेकून त्यांनी ते पुन्हा एकदा वाचायला लावलं.

"म्हंजी सुट्टी खरं बोलायली हुती," ते म्हणाले. "आन् मी तिलाच शिव्या देत बसलो."

मग त्यांनी मला कागद काढायला लावला. "लिव्ह. सुट्टीनं न्हाई, धुळीनं. माज्या नावानं लिव्ह. मुनिमानं माजंच नाव घेतलं हुतं ना?"

त्यांनी अंगठा इतका दाबून दिला की शाई पलीकडे उमटली. पुढचा हंगाम त्यांनी पाहिला नाही. रेचे सुरू झाले त्या सकाळी मामींनी खळ शिजवून दिली आणि मी तो कागद फाटकावर लावला.

पंखे अजून आलेले नाहीत. संध्याकाळपर्यंत कागदावर रुईचा थर बसतो. रोज कुणीतरी तो तळव्याने पुसतं आणि अक्षरांच्या आधी मामांचा अंगठा दिसतो.