तंतोतंत

आमच्या मेहुण्याइतका तंतोतंत माणूस अख्ख्या मुरबाड तालुक्यात नाही, आणि दुसरा होऊही नये. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. पोटासाठी हा कॉम्प्युटरला प्रश्न विचारतो. कुठला रकाना बघायचा आणि त्यात काय असायला हवं ते सांगायचं, की लाखो नोंदींतून नेमक्या तेवढ्याच बाहेर येतात, असलं काहीतरी. "भावजी, रंगाच्या रकान्यात निळा मागितला तर आकाशी येता कामा नाय," असं त्यानं मला जेवताना समजावलं आणि मी उगाच मान डोलावली. घरातही याचं तेच. बहिणीनं खर्डीहून पिवळी केळी आणायला सांगितली, तर गडी हात हलवत परत. म्हणे सगळ्यांवर काळे ठिपके होते. मुलगी बघायला गेलो, तर तिच्या माहितीत 'स्वभाव शांत' लिहिलेलं आणि ती दोनदा खळखळून हसली, म्हणून यानं चहा अर्धा ठेवला. कपाळ माझं.

पण म्हशाच्या जत्रेत आबा, म्हणजे माझे सासरे, हरवले तेव्हा हसू पार पळालं. वर्षभरात त्यांचं विसरणं फार वाढलं होतं. बैल बघता बघता हात सुटला आणि म्हातारा गर्दीत दिसेनासा झाला. ऊन उतरत होतं. जत्रेच्या मांडवातून मेहुणा माइकवर सांगत होता: आधार कार्डावरचं पूर्ण नाव, निळा सदरा, पांढरी टोपी, हातात काठी. त्या नावानं आबांना शाळा सुटल्यापासून कुणी हाक मारलेली नव्हती. पोरं शोधून रिकामी परत यायची आणि हा पुन्हा तेच वाचायचा. बायको नुसती रडत होती.

शेवटी त्याचा आवाजच फुटला. "आबा, ओ आबा," एवढंच माइकवर म्हणाला. मांडवाच्या आसपासच्या दहा-बारा म्हाताऱ्यांनी माना वळवल्या. त्यातला एक आमचा. काठी कुठेतरी टाकलेली, टोपी खिशात, आणि अंगावर नवंकोरं घोंगडं गळ्यापर्यंत, सदरा दिसतोय कुणाला? इतका वेळ मांडवाच्या दारातच बसून होते.

"काय रे, त्या पोराचा बाप गावला का?" आबांनी विचारलं. "कवाचा वराडतोय बिचारा."

"गावला," मेहुणा म्हणाला, आणि तिथंच मातीत बसला.

परवा शहापूरहून त्यांच्याकडे गेलो होतो. आबांनी आतून हाक मारली, "बाळू." बाळू म्हणजे आबांचा भाऊ, तो जाऊन जमाना झाला. मी मेहुण्याच्या तोंडाकडे बघितलं. वाटलं, आता हा चूक दाखवणार, आणि म्हाताऱ्याला उगाच वाईट वाटणार.

"ओ, आलो," म्हणाला, आणि पाण्याचा तांब्या घेऊन आत गेला.