कोणाला उठवायचं?

त्या दिवसांत माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. जन्मभर नाटकं लिहिली आणि अडुसष्टाव्या वर्षी व्हिडिओ गेमवरून सिनेमा लिहायला घेतला! गेम विदर्भातून पुण्यात आलेल्या एका मुलीनं बनवलेला. आयटीतली नोकरी सोडून तिनं चार वर्षं त्यात घातली होती. सिनेमा झाला तर गेम लोकांपर्यंत पोचणार, नाहीतर ती परत नोकरीच्या दारात.

गेम अवघड. अंतराळयानात नऊ माणसं गोठवून झोपवलेली. यान बिघडतं. एकालाच जागं करता येतं, बाकीचे झोपेतच जाणार. कोणाला उठवायचं ते खेळणाऱ्यानं ठरवायचं, आणि त्याप्रमाणे गोष्ट बदलते, शेवट बदलतो. सिनेमाला शेवट एकच लागतो. तिथंच घोडं पेंड खात होतं.

मला खेळता येईना, बोटं भलत्याच बटणावर पडायची. म्हणून रोज सकाळी सदाशिव पेठेतून स्कूटर काढून कर्वेनगरला तिच्या खोलीवर जायचो. ती खेळायची, मी शेजारी वही घेऊन. दरवेळी ती म्हाताऱ्या इंजिनियरलाच उठवायची. आठवड्यानं म्हटलं, सापडला नायक! झरझर पटकथा लिहून काढली.

आम्हा नाटकवाल्यांची रीत अशी, की लिहिलेलं आधी चारचौघांत मोठ्यानं वाचायचं. माझ्या घरी वाचन ठेवलं. निर्मात्यांनी शेवटच्या पानाला डोळे पुसले. "पुढच्या महिन्यात सुरू करू," म्हणाले. मुलगी मात्र गप्प. ते गेल्यावर मी भडकलोच.

"अगं, तोंड शिवलंय का? नाही आवडलं तर सांग की!"

"चांगलं आहे सर. पण एकटी खेळते तेव्हा मी त्या इंजिनियरना कधीच उठवत नाही."

"मग माझ्यासमोर कशी उठवायचीस?"

"तुम्ही बाजूला बसून होते नं," ती म्हणाली. "तुमच्यादेखत म्हाताऱ्या माणसाला मरू कशी देऊ?"

अरे देवा! आठवडाभर मी तिची भीड बघत होतो आणि गेम बघतोय असं समजत होतो. दोन दिवस अन्न गोड लागेना. गुपचूप बसलो असतो तर सगळे खूश होते, सिनेमाही झाला असता. पण बसवेना. तिसऱ्या दिवशी तिच्याकडे गेलो आणि म्हणालो, "तो कंट्रोलर दे. बटण कुठलं तेवढं सांग, आणि तू बाहेर थांब."

ती गेली. पडद्यावर नऊ चेहरे. त्यात एक सहा वर्षांची पोर, एक बाळंतीण. माझं बोट क्षणभरही अडखळलं नाही. मी म्हाताऱ्याला उठवलं.

"कोणाला उठवलं, सर?" तिनं दारातून विचारलं.

खोटं बोलायचं अगदी ओठांवर आलं होतं. "म्हाताऱ्यालाच," मी म्हणालो. मान वर करायची लाज वाटत होती.

ती आत येऊन शेजारी बसली. "मग आता हे लिहा नं, सर. कोणी बघत नसताना कोणाला उठवलं ते."

"अगं, निर्माते पळून जातील."

तिनं पडद्यावरच्या त्या पोरीकडे बघितलं. "जाऊ द्या," म्हणाली. "मी नोकरी बघीन. तुम्ही लिहा."