पुस्तकातली गिरणी

माझ्या पिठाच्या गिरणीचं दार निळं आहे. पुस्तकात ते लाल आहे. आल्या-गेल्याला हे सांगून माझं तोंड दुखलं, तरी येणारा प्रत्येक जण आधी दाराकडे बघतो आणि मग माझ्याकडे, मी मुद्दाम रंग बदलून त्याला फसवल्यासारखा.

अमडापूरच्या अलीकडे आमच्या गावाचा फाटा आहे. पूर्वी इकडे वाट चुकूनही कोणी येत नव्हतं. मग गावातल्या एका तरुण मास्तरांचा खून झाला. पुढे त्यावर पुस्तक निघालं, ते गाजलं, आणि लोक पुस्तक हातात धरून यायला लागले. मास्तर जिच्या काठावर सापडले ती विहीर त्यांना बघायची असते, शाळा बघायची असते, आणि शेवटी माझी गिरणी. कारण पुस्तकात लिहिलंय की त्या सकाळी मास्तर इथे दळण न्यायला आले होते आणि सापडले तेव्हा त्यांच्या बाहीला पीठ लागलेलं होतं. त्या पिठावर वाचकांचा भारी जीव.

नेमके लाइट असते तेव्हाच येतात. डब्यांची ओळ लागलेली, चक्की सुरू, आणि कोणी कानाशी ओरडतं, "दोन मिनिटं बंद करता का? व्हिडिओत आवाज येतोय." गिरणीत आवाज येतोय म्हणे! एकाने तर मलाच फोटोतून बाजूला केलं. का, तर पुस्तकातला गिरणीवाला म्हातारा आहे, बाई नाही. तो म्हातारा म्हणजे माझे सासरे. पुस्तक यायच्या आधीच ते गेले. खुनाच्या वेळी मी माहेरी होते, म्हणून मला काही ठाऊक नव्हतं. पण लोक विचारायचे आणि मीही पुस्तकातलंच सांगून मोकळी व्हायचे. हो, इथेच उभे होते. हो, पीठ लागलं होतं.

या हिवाळ्यात एका रविवारी पुण्याचं एक तरुण जोडपं आलं. त्यातल्या पोराने विचारलं, "मास्तर नेमके कुठे उभे होते?"

मी सवयीने वजनकाट्याजवळची जागा दाखवली. ओळीत ज्वारीचा डबा घेऊन मास्तरांची आई उभी होती. पाहुण्यांना ती कोण, हे माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत या विषयावर ती गिरणीत अवाक्षर बोलली नव्हती.

"तो इथं येतच नोयता," ती म्हणाली. "पीठ उडलं की शिंका सुरू व्हायच्या त्याले. लहानपणापासून. दळण मीच आणो."

पोरगा गोंधळला. "तुम्ही ओळखत होतात त्यांना?"

"माहा पोरगा होता."

मी चक्की बंद केली. पोरीने हळूच विचारलं, "मग आजी, बाहीवरचं ते पीठ?"

"खडू होता वं माय तो. मास्तर होता ना."

मग त्या पोराने विचारलं, "हे तुम्ही लेखकांना सांगितलं नाही का?"

"सांगतलं ना. दोनदा सांगतलं. त्याले पीठच पाह्यजे होतं." मग ती माझ्याकडे वळली. "अन् तू बी तेच सांगून राह्यली."

मला तोंड वर करवेना. दर आठवड्याला ही बाई माझ्यासमोर उभी राहते, तिच्या देखत मी परक्यांना तिचा मुलगा दाखवते, आणि तिला एकदाही विचारलं नाही की असं होतं का.

त्या पोराने तिचा डबा घरापर्यंत पोचवला. तिने दोघांना चहा पाजला. मुलाचा फोटोही दाखवला म्हणे. आजवर तिने तो कुणालाच दाखवला नव्हता.

तेव्हापासून मी खडू सांगते. तर लोकांना ते पटत नाही! मागच्या आठवड्यात एका गृहस्थांनी पान उघडून, ओळीवर बोट ठेवून मलाच समजावलं, "अहो, इथे स्पष्ट लिहिलंय, पीठ." मी म्हटलं, चुकीचं लिहिलंय. ते म्हणाले, लेखकाने किती अभ्यास केलाय, तुम्हाला कल्पना नाही. त्यांच्या मागेच ती डबा घेऊन उभी होती. माझा आवाज चढला तशी ती पुढे आली.

"जाऊ दे वं," ती म्हणाली, "माही ज्वारी टाक."

मी टाकली.