आईवर गेलेली हनुवटी

मूल कुणावर गेलं, हा प्रश्न आमच्या नात्यात बाळाला पहिली आंघोळ घालायच्या आधीच निकाली निघतो. माझ्या बाबतीत तो निकाल एकमताने लागला म्हणतात: आईवर. पहिली काही वर्षं लोक हे कौतुकाने म्हणायचे. मग दुधाचे दात पडले, नवे आले, आणि तेच वाक्य आवाज उतरवून म्हटलं जाऊ लागलं. "पोरगी पार आईवर गेली हो." त्या शेवटच्या "हो"मध्ये सगळं आलं.

आईवर जाणं म्हणजे वरचे दात पुढे आणि खालचा जबडा मागे. इतका मागे की हनुवटी आपली नावाला. आमच्याकडे नात्यातल्या बाया भेटल्या की लेकराच्या हनुवटीला हात लावतात आणि मग ती बोटं आपल्या ओठांना लावतात. माझ्यापाशी आल्या की त्यांची बोटं हनुवटी शोधत खाली घसरायची आणि गळ्यापाशी कुठेतरी थांबायची. शाळेतली पोरं एवढी सभ्य नव्हती. नांदेडच्या त्या शाळेत माझं नाव छज्जा होतं. "ए छज्जा, तुला छत्री कशाला? पावसात हनुवटी भिजतच न्हाई तुझी." विनोद वाईट नव्हता हे आज कळतं. तेव्हा मी सातवीत होते आणि मला त्या पोराचे दात पाडायचे होते.

हसणं काही मी सोडलं नाही, तोंडावर हात ठेवून हसायला लागले. त्यासाठी शिकवणी लावावी लागली नाही, कारण आई तशीच हसायची. घरात पाहुणे असोत नसोत, हसू यायच्या आधी तिचा हात तोंडापाशी पोचलेला असे.

आठवीची परीक्षा झाली आणि आई मला दातांच्या मॅडमकडे घेऊन गेली. पप्पा गाडीवर सोडायला म्हणून आले आणि आत येऊन बसले. मॅडमनी माझ्या चेहऱ्याचा बाजूने एक एक्स-रे काढायला सांगितला, दातांचा एक सांगितला आणि वर म्हणाल्या, "डाव्या हाताच्या पंजाचाही काढून आणा." पप्पांच्या भुवया वर गेल्या. त्यांची सगळी नोकरी सरकारी कचेरीत गेलेली. एका कामात दुसरं काम कसं घुसवतात हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. "दुखणं तोंडात आन् फोटो हाताचा?"

मॅडमना हा प्रश्न रोजचा असावा. पंजाच्या बारक्या हाडांवरून कळतं, त्या म्हणाल्या, की मूल अजून किती वाढायचं राहिलंय. जबडा वाढतोय तोवरच त्याला पुढे आणता येतं. वाढ थांबली की दात सरळ होतील, पण हनुवटी जिथे आहे तिथेच राहील, मग ऑपरेशनशिवाय इलाज नाही. एवढं सांगून त्यांनी आईला विचारलं, "हिला पाळी सुरू झाली का? कधी?" त्याच क्षणी पप्पांना आठवलं की आपण गाडी नको तिथे लावली आहे. ते गाडी बघायला जे गेले ते आम्ही बाहेर येईपर्यंत गाडीपाशीच होते. आईला पुढे याचा फार उपयोग झाला.

कारण त्याच जूनमध्ये मला लातूरला ठेवायचं ठरलं होतं. आमच्याकडे पोर आठवी-नववीत गेलं की घरच्यांना त्याच्या आत एक डॉक्टर दिसायला लागतो, आणि त्याला बाहेर काढायला लातूरला पाठवतात. पप्पांचं गणित सोपं होतं. "आधी दहावी. मग काय करायचं ते करा. दात कुठं पळून चाललेत?"

"दात न्हाई, जबडा पळून चाललाय," आई म्हणाली. हात अर्थातच तोंडावर. "मॅडम काय म्हणल्या ते तुम्ही ऐकलंच न्हाई. तुम्ही गाडीपाशी होतात."

अशा रीतीने मी लातूरला गेले ती तोंडात दोन ठोकळे घेऊन. एक वरच्या दातांवर, एक खालच्या, गुलाबी प्लॅस्टिकचे, तिरपे कापलेले. तोंड मिटलं की खालचा ठोकळा वरच्यावरून घसरून पुढे यायचा आणि जबड्यालाही ओढून आणायचा. दिवसरात्र घालायचे, झोपताना, जेवतानासुद्धा. फक्त दात घासताना काढायचे. मॅडमनी बजावलं होतं, काढून डबीत ठेवलेस तर डबीचा जबडा पुढे येईल, तुझा नाही.

हॉस्टेलवर पहिल्या संध्याकाळी सगळ्या मुलींनी नाव आणि गाव सांगायचं होतं. मी सांगितलं. निदान प्रयत्न केला. नावाच्या आधी थुंकी बाहेर आली, आणि गाव निम्मं ठोकळ्यांत अडकलं. समोरच्या दोघी एकमेकींच्या खांद्यात तोंड खुपसून हसल्या. मी खाली बसले आणि त्याच जागी ठरवलं की आता बोलायचं नाही.

दुसऱ्या कुठल्याही गावात एखादी मुलगी आठवडेच्या आठवडे बोलली नसती तर कुणीतरी जवळ घेऊन विचारलं असतं, काय झालं ग तुला? लातुरात कुणी विचारलं नाही. तिथे गप्प मूल म्हणजे अभ्यासू मूल. बडबडणाऱ्या पोरीवर लक्ष ठेवतात, मुक्या पोरीकडून अपेक्षा ठेवतात. माझी कीर्ती बघता बघता पसरली. मेस चालवणाऱ्या काकू मुरुडच्या होत्या. ठोकळ्यांनी पोळी चावली जात नसे, म्हणून मी ती वरणात कुस्करून एकेक घास बराच वेळ तोंडात घोळवत बसायची. काकूंनी एकदा सगळ्या पंगतीला मला दाखवलं. "बघा ग जरा तिच्याकडं! जेवताना सुदिक तोंडातल्या तोंडात पाठ करून राहिली." क्लासमधल्या सरांनी मला पहिल्या बाकावर आणून बसवलं आणि मागच्यांना सांगितलं, "तोंड बंद, डोकं चालू. असं पाहिजे." चाचणीत मार्क बेताचेच पडायचे. त्यावर सरांचं निदान होतं की मुलगी पेपरला घाबरते, येतं तिला सगळं. फोनवर मी पप्पांना फक्त "हं" म्हणायची. त्या "हं"चा त्यांनी कचेरीत केवढा बोभाटा केला होता ते मला नंतर कळलं.

दिवाळीच्या सुट्टीत बिलोलीच्या मावशीच्या नव्या घराचा कार्यक्रम होता. अशा वेळी बुद्धवंदना म्हणायला पुढे मी, हे मी चड्डीत होते तेव्हापासून ठरलेलं. माझा आवाज खडा आहे आणि मला ते ठाऊक आहे. मावशीने हाक मारली, सगळे हात जोडून वळले, आणि मी नुसती मान हलवली. शेवटी दुसऱ्याच कुणीतरी म्हटली, तीही खालच्या सुरात. मावशी मला ऐकू जाईल अशा बेताने आईला म्हणाली, "लातूरला गेली ना बाई पोरगी. आता ती आपल्याशी कशाला बोलती?" तर तिचे यजमान म्हणाले, "सोड की. अभ्यास हाय तिच्या डोक्यात."

माझ्या डोक्यात हनुवटी होती. अभ्यासाला तिथे जागाच उरली नव्हती. सकाळी गच्चीवर कपडे वाळत घालताना भिंतीवर माझी सावली पडायची. मी बाजूने उभी राहायची आणि नाक, ओठ, मग खाली काही आलं का ते बघायची. शेजारच्या खाटेवरच्या मुलीने कुठल्याशा व्हिडिओत पाहिलं होतं की जीभ टाळूला चिकटवून ठेवली की जबडा घडतो. झालं, जीभही कामातून गेली. दाराच्या चौकटीवर मी पेन्सिलीने उंचीची खूण करायची. बाकीच्या मुली मार्क वाढावेत म्हणून झुरत होत्या, मी उंची वाढावी म्हणून. उंची वाढतेय म्हणजे हाडं अजून वाढताहेत, म्हणजे जबड्याला अजून वेळ आहे. एका महिन्यात खूण जिथल्या तिथे राहिली तेव्हा मी बाथरूममध्ये नळ सोडून रडले. वाढ थांबली, आता जन्मभर छज्जा, असं मला अगदी खात्रीने वाटलं.

मॅडमना दाखवायला मला नांदेडला न्यायला आई यायची. बसमध्ये मी तिच्याशी बोलायची, कारण तिला माझं ठोकळ्यांतलं बोलणं कळायचं. एकदा अहमदपूरच्या स्टँडवर गाडी थांबलेली असताना मी तिला म्हटलं, मी बोलत नाही तर सगळ्यांना वाटतं मी हुशार आहे.

ती हसली, हाताआड. "मला बघायला आले तवा मी पण बोलले न्हाई. तोंड मिटून बसले. नाव विचारलं तरी मान खाली. तुझी आजी म्हणली, लई गरीब पोरगी हाय, तोंडातून शब्द न्हाई. तिथंच पसंत."

"मग?"

"मग काय. लग्नानंतर हसले एकदा, तवा दिसलं त्यांना."

"कुणी काही म्हणलं?"

"म्हणलं की." ती खिडकीबाहेर केळीवाल्याकडे बघायला लागली.  मला भयंकर राग आला होता. मी कधी न पाहिलेल्या त्या दिवशीच्या सगळ्या माणसांचा राग.

ठोकळ्यांनंतर तारा आल्या. तारा आवळल्या की काहीच चावता येत नसे. अर्धापूरच्या काकांनी ही जबाबदारी आपल्या अंगावर घेतली आणि हॉस्टेलवर केळीचे घड पाठवायला सुरुवात केली. खोलीला कायम पिकल्या केळ्यांचा वास. माझी दहावी त्यांच्याच केळ्यांवर झाली म्हणा ना.

आणि हनुवटी आली. कधी आली ते मला कळलं नाही, एवढी टपून बसलेली असूनही. कळलं मावशीला. आमच्या घरी आली, सवयीने हात पुढे केला, आणि तिची बोटं घसरायच्या आधीच थांबली. "अगं माय, हिला हनुवटी आली की!" सगळे गोळा झाले. मला बाजूने उभं केलं, समोरून केलं, उजेडाकडे तोंड करून केलं. मावशीने निकाल दिला, "आता कशी बापावर गेली बघ."

पप्पा, म्हणजे दात कुठं पळून चाललेत असं विचारणारे पप्पा, खुर्चीत सरळ झाले. "आमच्यात सगळ्यांची हनुवटी अशीच हाय." आई चहा आणायला म्हणून उठली आणि बराच वेळ आत राहिली. मी इतकी खूश होते की तेव्हा माझं त्याकडे लक्ष गेलं नाही.

दहावीचा निकाल लागला. मार्क ना रडावेत असे, ना पेढे वाटावेत असे. धक्का मला नाही, बाकीच्यांना बसला. सरांना पेपर तपासणाऱ्यांचा संशय आला. काकू म्हणाल्या, एवढं पाठ करायची की पोरगी. पप्पा संध्याकाळी एकच बोलले, "इतकं मुकं राहून एवढेच?"

तारा निघाल्या त्या दिवशी आई आणि मीच गेलो होतो. मॅडमनी हातात आरसा दिला. मी जीभ दातांवरून फिरवली, गुळगुळीत, आणि आरशात एक बरी दिसणारी मुलगी माझ्याकडे बघत होती. मग मॅडमनी संगणकावर दोन फोटो शेजारी शेजारी लावले, दोन्ही बाजूने काढलेले. डावीकडे आठवीतली मी, उजवीकडे आजची. "बघा, ओळखू तरी येते का?"

आई खुर्चीवरून पुढे वाकली. ती उजवीकडे बघतच नव्हती. मग म्हणाली, "मॅडम, हा जुना फोटो माझ्या मोबाईलवर टाकता का?"

"जुना? लोक तर म्हणतात, तो पुसूनच टाका."

"नवीन तर मला घरी रोज दिसतीच," आई म्हणाली. "ही माझ्यावर गेलेली होती."

मला काय वाटलं ते सांगते. जो चेहरा घालवायला मी गच्चीवर सावल्या मोजत होते, तो तिचा होता, आणि जगात आणखी एका माणसाला तो आहे याचं तिला सुख होतं. तरी तो घालवायला मला बसमध्ये घालून तीच आणत राहिली, दर महिन्याला. 

मॅडमना अवघडल्यासारखं झालं असावं. त्या म्हणाल्या, "तुमचे पण करू या की. मोठ्या माणसांचे दातही सरळ होतात."

"नको बाई," आई म्हणाली. "घरी गेल्यावर नवऱ्यानं वळखलंच न्हाई तर कुठं जाऊ?"

आम्ही तिघी फुटल्यासारख्या हसलो. आईचा हात तोंडावर गेला. हातात अजून आरसा होता म्हणून मला दिसलं, माझाही गेला, त्याच क्षणी, तसाच, बोटं जरा वाकडी करून. मॅडम आमच्या दोघींकडे बघतच राहिल्या. आईनेही ते पाहिलं. तिने मोकळ्या हाताने माझं मनगट धरलं आणि माझा हात तोंडावरून खाली ओढला. "तू कामून झाकून राहिलीस आता? हस की," ती म्हणाली, आणि तिचा दुसरा हात तिच्या तोंडावर तसाच होता.