मामींच्या पायाखालचं पाणी

माझ्या बायकोच्या रोह्याच्या मामांनी गाडीत पाणी कुठून शिरतं हे शोधण्यात जेवढा जीव ओतला, तेवढा लोक संसारातही ओतत नाहीत. गाडी जुनी. पाऊस लागला की डाव्या बाजूला, नेमकं मामींच्या पायाखाली, घोटाभर पाणी साचायचं. कोलाडला माहेरच्या लग्नाला जाताना नव्या साडीचे काठ भिजले, तेव्हा मामींनी जाहीर केलं, "या डबक्यात मी पुन्हा पाय ठेवायची नाय." तेव्हापासून तीन वर्षं मामा एकटे गाडीत आणि मामी एसटीत. मामांना हे फार लागलं होतं, कारण गाडी त्यांनी मामींसाठीच घेतली होती.

परवाच्या पावसाळ्यात मी पेणहून सहज गेलो तर दारातच हबकलो. बैठकीत सोफ्याच्या जागी गाडीच्या सीटा, आणि शेजारचे काका त्यातली एक मागे पाडून आरामात चहा पीत होते. गाडीचा गालिचा पलंगावर पंख्याखाली निजवला होता. दारांचे रबर दोनदा बदलून झाले होते, मेकॅनिकने हात टेकले होते. मामांनी मला रिकाम्या गाडीत उकिडवं बसवलं, कडेकडेनं टाल्कम पावडर भुरभुरली आणि काचा चढवल्या. "जावईबापू, पावडर पहिली जिथं भिजेल तिथं बोट ठेवायचं. हलायचं नाय." मग बाहेरून पाइप सोडला.

पाच मिनिटांत डॅशबोर्डखालच्या पंख्यातून धार लागली आणि मी कोपरापर्यंत भिजलो. मामांनी वायपरखालची जाळी उचकटली. पाणी वाहून जायच्या भोकात काळा लगदा बसला होता: झेंडूच्या पाकळ्या, आपट्याची पानं, अक्षता. दर दसऱ्याला मामी गाडीची पूजा करून काचेच्या पायथ्याशी ओंजळभर फुलं वाहायच्या, ती सगळी तिथं उतरली होती.

मामा म्हणजे शेजाऱ्याचा नळ गळला तरी चूक कुणाची ते गल्लीभर सांगणारा माणूस. आता मामींची काही खैर नाही, अशी मला धास्ती वाटली. पायरीवरून मामींनी विचारलं, "काय सापडलं हो?"

मामांनी लगदा मुठीत मिटला. "काय नाय गो. रबर कुजला होता."

मी थक्क झालो. पुढच्याच रविवारी मामी गाडीतून कोलाडला गेल्या. दसऱ्याला मी पुन्हा रोह्याला गेलो होतो; मामींनी पुन्हा फुलं वाहिली आणि दुसऱ्या दिवशी मामा एकटेच जाळी उघडून ती वेचत बसले. "मामींना एकदा सांगून का टाकत नाही?" मी विचारलं.

"तीन वर्षं ती गाडीत बसली नाय," मामा म्हणाले, "मी एकटाच चालवायचो. पण एका दसऱ्यालाबी फुलं वाहायची ऱ्हायली नाय ती."

मग मीही त्यांच्याबरोबर पाकळ्या वेचू लागलो.